विंचवाचे विष, लिग्नोकेनची सुई आणि पेशीपटलावरची वीज

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतून दरवर्षी हजारो मुले एक हिशेब तोंडपाठ करून बाहेर पडतात: पेशीपटलावरचा पंप सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. नीटची परीक्षा झाली की बहुतेकांच्या लेखी या हिशेबाचे काम संपते. पण याच दोन शहरांत, विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, रात्री-अपरात्री जे रुग्ण आणले जातात त्यांतल्या अनेकांचे प्राण याच हिशेबावर अवलंबून असतात. विंचू चावलेले मूल, कपाशीवर फवारणी करून आलेला मजूर, मूत्रपिंडे निकामी झालेले म्हातारे गृहस्थ, फिट थांबत नसलेली मुलगी. कारणे वेगवेगळी, बिघाड मात्र एकाच जागी: पेशीभोवतीच्या जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीच्या मेदाच्या पटलावर.

औषध या पटलावर नेमके काय करते? पुष्कळदा असे समजले जाते की बधिरतेचे इंजेक्शन मज्जातंतूतली वीज ‘बंद’ करते आणि विष ती ‘वाढवते’. ही समजूत अपुरी आहे. औषध असो वा विष, ते बहुतेक वेळा पटलातल्या आयनांच्या वाटांच्या, म्हणजे चॅनेलच्या, उघडझापीचे वेळापत्रक बदलते: चॅनेल किती वेळ उघडे राहील, कधी मिटेल, पुन्हा उघडण्याजोगे व्हायला किती वेळ घेईल. हा काळ मिलिसेकंदांत मोजायचा असतो आणि रुग्ण जगतो की नाही ते त्यावर ठरते. वेळेचा हा हिशेब समजला, तर उपचारातल्या कितीतरी गोष्टी घोकाव्या लागत नाहीत.

विभवांतर येते कुठून

पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल, बाहेर ४ ते ५. सोडियमचे नेमके उलटे: बाहेर १४५ च्या घरात, आत १० ते १५. ही तफावत पंप टिकवून धरतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ साली त्याचा शोध जाहीर केला आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. तरीही विश्रांत अवस्थेतला ऋणभार मुख्यतः पंपामुळे येत नाही. तो येतो पोटॅशियमच्या गळतीमुळे. विश्रांतीत पोटॅशियमचे काही चॅनेल उघडे असतात. त्यांतून धनभारित आयन बाहेर झिरपतात आणि आतली बाजू ऋण होते. मज्जातंतूत हे विभवांतर उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असते, हृदयाच्या जवनिकेच्या पेशीत उणे ९० च्या जवळ.

७० मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण ५ नॅनोमीटरने भागून पाहा. विद्युत्क्षेत्र निघते मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट. कोरड्या हवेत मीटरला ३० लाख व्होल्टच्या पुढे ठिणगी पडते. पटलात रुतून बसलेली प्रथिने या प्रचंड क्षेत्रात सतत ताणलेली असतात, म्हणून विभवांतरात १०-१५ मिलिव्होल्टचा फरक पडला तरी त्यांचा आकार बदलतो. चॅनेल विभवाला ओळखते ते असे.

विभव बदलला की सोडियमचे चॅनेल उघडते, सोडियम आत घुसतो, आतली बाजू क्षणभर धन होते आणि साधारण एका मिलिसेकंदात चॅनेल आपणहून निष्क्रिय होते. मग पोटॅशियम बाहेर जातो आणि विभवांतर पूर्वपदावर येते. हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ साली माखली जातीच्या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर हे मोजून गणितात मांडले. पुढच्या विवेचनासाठी एक गोष्ट पक्की धरावी: सोडियम चॅनेलला तीन अवस्था आहेत. मिटलेले पण तयार, उघडे, आणि निष्क्रिय. निष्क्रिय चॅनेल मिटलेलेच दिसते, पण धक्का दिला तरी उघडत नाही. औषधांचे आणि विषांचे सगळे कसब या तिसऱ्या अवस्थेभोवती आहे.

एकच प्रथिन, तीन बाजूंनी पकड

आपल्या भागात याच एका प्रथिनाला तीन वेगळे पदार्थ तीन वेगळ्या बाजूंनी गाठतात. विंचवाचे विष बाहेरून, फवारणीचे पायरेथ्रॉइड पटलाच्या मेदातून, आणि लिग्नोकेन आतून.

आधी विंचू. मराठवाड्यातली जुनी घरे जाड दगड-मातीच्या भिंतींची आणि माळवदाची. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या अनेक गावांत ती गेली, पण गोठे, गढ्या, बांध आणि सरपणाचे ढीग आहेतच. पहिल्या पावसात बिळात पाणी शिरले की विंचू बाहेर पडतो. काळी इंगळी दिसायला भयानक, पण जिवाला धोका असतो तो लहानशा लाल विंचवाचा. शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. त्याच्या विषातली साठ-सत्तर अमिनो आम्लांची छोटी प्रथिने सोडियम चॅनेलच्या बाहेरच्या अंगाला, विभव ओळखणाऱ्या भागाला घट्ट चिकटतात. चॅनेलच्या प्रथिनाच्या चौथ्या खंडातला हा भाग हलल्याशिवाय चॅनेल निष्क्रिय होत नाही, आणि विष त्यालाच जखडून ठेवते. परिणामी एका मिलिसेकंदात मिटणारे चॅनेल मिटायचे नाव घेत नाही. एका धक्क्याला एक आवेग निघायचा, तिथे आवेगांची रांग लागते.

याच विंचवाच्या विषात पोटॅशियमचे चॅनेल बुजवणारेही घटक आहेत. १९९० साली त्यातून वेगळे केलेले ३७ अमिनो आम्लांचे आयबेरिओटॉक्सिन आज जगभरच्या प्रयोगशाळांत कॅल्शियमने उघडणारे मोठे पोटॅशियम चॅनेल ओळखण्यासाठी वापरतात. आपल्या बांधावरच्या प्राण्याच्या विषाने शरीरशास्त्राला एक नेमके हत्यार दिले, हे इथल्या किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते? सोडियम आत येत राहतो आणि पोटॅशियम बाहेर जाण्याची एक वाट बुजते. दोन्ही दोष एकाच दिशेने ढकलतात.

आता हे रुग्णाच्या अंगावर कसे दिसते ते पाहू. सरपण काढताना बोटाला नांगी लागते. तासा-दोन तासांत उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, पुरुष रुग्णात लिंगाला ताठरता येते. मग हात धरून पाहिला तर तो बर्फासारखा गार लागतो. हा गार हात फार बोलका आहे. अनुकंपी मज्जातंतूंची टोके आणि अधिवृक्क ग्रंथी यांची चॅनेल उघडीच राहिल्याने नॉरॲड्रेनलिन आणि ॲड्रेनलिन यांचा पूर येतो, त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. त्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून डावी जवनिका थकते, फुप्फुसात पाणी साचते आणि गुलाबी फेस येऊ लागतो. बोटाची आग किती आहे यावरून हा धोका मोजता येत नाही. विंचू ‘उतरवणाऱ्या’कडे नेल्यावर आग काही तासांत ओसरते, कारण ती आपोआपच ओसरणार असते, हृदयावरचे संकट मात्र त्या वेळात वाढलेले असते.

याबाबतीत ज्यांचे ऋण मानावे ते डॉ. हिंमतराव बावस्कर मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. १९७६ पासून त्यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र जवळ बसून पाहिले. १९८२ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये उलटी, घाम, गार हातपाय ही हृदयावरच्या संकटाची पूर्वलक्षणे म्हणून मांडली, आणि १९८६ मध्ये प्राझोसिनचा अनुभव. त्या काळी अशा रुग्णांना ॲट्रोपिन, स्टेरॉइड, झोपेच्या औषधांचे मिश्रण असे काहीबाही दिले जाई. फुप्फुसात पाणी झालेल्यांपैकी शंभरातले तीसेक दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण चाराच्या आत आले.

प्राझोसिन सोडियम चॅनेलला हातही लावत नाही, आणि शास्त्रीय दृष्टीने हेच फार महत्त्वाचे आहे. ते रक्तवाहिनीच्या स्नायूवरचा अल्फा-१ ग्राही अडवते, म्हणजे पटलावर झालेल्या बिघाडाचा पुढचा परिणाम तोडते. चॅनेलवर बसलेले विष तिथेच राहते; शरीराला ते निपटायला वेळ मिळतो. उलट विंचवाची प्रतिलस रक्तात फिरणाऱ्या विषालाच बांधते. दोन्ही एकत्र दिली तर? बावस्कर दांपत्याने महाडला केलेली चाचणी २०११ साली ‘बीएमजे’मध्ये आली. ७० रुग्ण. प्राझोसिन आणि प्रतिलस दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण १० तासांत पूर्ण सावरले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. मूळ बिघाडावर आणि त्याच्या परिणामावर एकदम घाव घातला की काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकात क्वचित मिळते.

दुसरी बाजू फवारणीची. सायपरमेथ्रिन किंवा लॅम्डा-सायहॅलोथ्रिन मारून आलेल्या माणसाला गालावर, पापण्यांवर चुणचुण होते, घाम आला की आग वाढते, पण सूज किंवा पुरळ नसते. पायरेथ्रॉइड मेदात विरघळते आणि चॅनेलच्या पटलात रुतलेल्या भागाला चिकटून त्याचे मिटणे लांबवते. चेहऱ्याच्या बारीक मज्जाटोकांना एकाऐवजी अनेक आवेग पाठवायला लावते; ती चुणचुण म्हणजे हे आवेग. कीटक यानेच मरतो. त्याचे चॅनेल माणसाच्या चॅनेलपेक्षा अधिक संवेदनशील, शरीर थंड, आणि विष मोडण्याची गती मंद. माणसाच्या शरीरातली एस्टरेज विकरे हा पदार्थ भराभर मोडतात.

पण कपाशीवर पुष्कळदा मारतात ते प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण. प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट. ते ॲसिटिलकोलिन मोडणारे विकर अडवते आणि त्याबरोबर पायरेथ्रॉइड मोडणारी एस्टरेजही अडवते. ज्या विकराच्या भरवशावर आपण सायपरमेथ्रिनला माणसासाठी सौम्य म्हणतो, तेच विकर त्याच डब्यातला दुसरा घटक निकामी करतो. २०१७ साली पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. नांदेडच्या किनवट, हदगावात तेच पीक आणि तसेच पंप आहेत. अशा रुग्णाला केवळ पायरेथ्रॉइडची बाधा आहे की मिश्रणाची, हे ओळखणे अत्यावश्यक. पहिल्यात ॲट्रोपिनचा मारा अनाठायी ठरतो, दुसऱ्यात तोच जीव वाचवतो. म्हणून रिकामा डबा रुग्णाबरोबर आणायला हवा.

आतून येणारे लिग्नोकेन

१९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. दात काढताना, टाके घालताना, विंचवाची आग थांबवायला बोटात टोचताना, आपल्याकडे सर्वाधिक वापर याचाच. त्याची वाट मोठी रंजक आहे. त्याचे रेणू दोन रूपांत असतात, भारित आणि अभारित. मेदाचे पटल ओलांडू शकते ते अभारित रूप. चॅनेलमध्ये आतून बसते ते भारित. म्हणजे आत शिरायला एक रूप, काम करायला दुसरे.

शरीराचा सामू ७.४ असताना सुमारे २४ टक्के लिग्नोकेन अभारित असते. पू झालेल्या हिरडीत सामू ६.४ पर्यंत उतरला, तर हे प्रमाण ३ टक्क्यांवर येते. सूज आलेल्या दाढेला इंजेक्शन ‘लागत’ नाही, आणि दंतवैद्य आधी पू काढून किंवा प्रतिजैविक देऊन मग दाढ काढायला बोलावतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे. औषध खोटे नसते. ते पटलापलीकडे पोचलेलेच नसते.

आत गेल्यावर लिग्नोकेन निष्क्रिय अवस्थेतल्या चॅनेलला अधिक घट्ट धरते. जो मज्जातंतू वारंवार आवेग पाठवतो त्याची चॅनेल पुनःपुन्हा त्या अवस्थेत जातात, म्हणून दुखरा तंतू आधी गप्प होतो. फेनिटॉइन याच तत्त्वावर चालते. मेरिट आणि पटनम यांनी १९३८ मध्ये त्याचा अपस्मारावरचा उपयोग दाखवला. फिटमध्ये मेंदूच्या पेशी सेकंदाला शेकडो आवेग झाडतात. फेनिटॉइन निष्क्रिय चॅनेलला जरा जास्त वेळ अडकवून ठेवते आणि ती झड मोडते. संथपणे काम करणाऱ्या पेशींना त्याचा त्रास कमी. या निवडीमुळे रुग्ण गोळी घेऊनही शाळेत जाऊ शकतो, शेतात काम करू शकतो.

चॅनेलमधून सुटायला लागणारा वेळ किती निर्णायक असतो ते ब्युपिव्हाकेनवरून कळते. सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात ते हेच. मणक्यातल्या अल्प मात्रेत ते उत्तम. पण मोठी मात्रा चुकून शिरेत गेली तर हृदय बंद पडू शकते, तेवढ्या सहजपणे लिग्नोकेनने पडत नाही. हृदयाच्या सोडियम चॅनेलला लिग्नोकेनमधून सावरायला साधारण ०.१५ सेकंद लागतो, ब्युपिव्हाकेनमधून सुमारे १.५ सेकंद. मिनिटाला ७० ठोके असताना दोन ठोक्यांमधली विश्रांती अर्ध्या सेकंदाच्या आसपास. लिग्नोकेन तेवढ्यात सुटून जाते; ब्युपिव्हाकेन सुटत नाही, आणि प्रत्येक ठोक्याला अडकलेली चॅनेल वाढत जातात. सारा फरक दहापटीचा आणि तोही वेळेतला. अशा वेळी मेदाचे पायस शिरेतून देतात. मेदात विरघळणारे औषध बऱ्याच अंशी त्यात ओढले जाते.

आता विंचवाकडे परत. बोटात टोचलेले लिग्नोकेन तिथली चॅनेल अडवते आणि आग थांबते. पण विष रक्तात मिसळून अनुकंपी टोकांवर पोचलेले असते, तिथे हे लिग्नोकेन जात नाही. आग थांबली म्हणून रुग्णाला घरी पाठवणे ही घातक चूक आहे.

पंप, पोटॅशियम आणि कॅल्शियम

चॅनेलला न शिवताही विभवांतर बदलता येते. डिजॉक्सिन पंपाला बाहेरून अडवते. आत सोडियम साठतो, त्यामुळे कॅल्शियम बाहेर टाकणे मंदावते, हृदयाचे आकुंचन जोरकस होते. मात्रा वाढली तर त्याच कॅल्शियममुळे अवेळी ठोके पडतात. कण्हेर आणि बिट्टी यांतली विषे याच कुळातली. डिजॉक्सिन आणि पोटॅशियम पंपाच्या एकाच बाजूला स्पर्धा करतात, म्हणून जुलाबाने किंवा लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलेल्या रुग्णाला नेहमीची मात्राही विषासमान होते. तोंडपाठ केलेल्या ३ आणि २ चा अर्थ इथे कळतो.

पोटॅशियमचे गणित मुलांनी एकदा हाताने करून पाहावे. बाहेर ४ मिलिमोल असेल तर पोटॅशियमचा समतोल विभव उणे ९५ मिलिव्होल्ट येतो, ८ झाले तर उणे ७६. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाची हृदयपेशी अशी १९ मिलिव्होल्टने सरकते. पटल कायम अर्धवट जागे राहिल्याने सोडियम चॅनेल निष्क्रिय अवस्थेत अडकतात. ईसीजीत आधी टोकदार टी तरंग दिसतात, मग सगळे तरंग पसरट होतात, मग हृदय थांबते. अशा वेळी डॉक्टर पहिल्यांदा देतात ते कॅल्शियम ग्लुकोनेट. ते पोटॅशियम एका थेंबानेही उतरवत नाही. कॅल्शियमचे धनभार पटलाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसतात, चॅनेलला जाणवणारे क्षेत्र वाढते आणि उंबरठा विश्रांत विभवापासून पुन्हा दूर जातो. परिणाम काही मिनिटांत दिसतो आणि अर्धा-एक तास टिकतो. इन्सुलिन-ग्लुकोज आणि डायलिसिसची व्यवस्था करायला मिळतो तो एवढाच वेळ.

पोटॅशियमच्या एका चॅनेलबद्दल स्वतंत्र इशारा हवा. हृदयाला प्रत्येक ठोक्यानंतर पूर्वपदावर आणणारे हे चॅनेल अनेक निरुपद्रवी दिसणारी औषधे बुजवतात: ॲझिथ्रोमायसिन, डॉम्पेरिडोन, ऑन्डॅन्सेट्रॉन, फ्लुकोनॅझोल, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. एकेकटे औषध बहुतेकांना पचते. ताप-उलटीच्या रुग्णाला तीन एकत्र मिळाली आणि उलट्या-जुलाबाने पोटॅशियमही उतरलेले असेल, तर ईसीजीतला क्यूटी कालावधी लांबून प्राणघातक लय सुरू होऊ शकते. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचे औषध याच कारणाने १९९० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून गेले. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय अशी गोळ्यांची पुडी बांधून देणे बंद व्हायला हवे.

प्रयोगशाळेत हे सगळे एका चॅनेलपुरते पाहता येते, ते नेहर आणि साकमन यांनी १९७६ साली आणलेल्या पॅच-क्लॅम्प तंत्रामुळे. काचेच्या सूक्ष्म नळीचे टोक पटलाला चिकटवायचे आणि पिकोअँपिअरमध्ये मोजला जाणारा प्रवाह वाचायचा. चॅनेल उघडले की आलेख खटकन खाली येतो, मिटले की वर जातो. लिग्नोकेन घातले की ही उघडझाप विरळ होते, विंचवाचे विष घातले की एकेक उघडणे लांबत जाते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचे संकुल आहे, दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि लाल विंचू, कण्हेर, कपाशीची फवारणी हे विषय दारात आहेत. इथल्या संशोधनाने आपल्याच मातीतली विषे आपल्याच रुग्णांच्या संदर्भात अभ्यासावीत, याहून स्वाभाविक दुसरे काय असेल?

तोवर एवढे तरी व्हावे. विंचू चावल्यावर उलटी, दरदरून घाम किंवा गार हातपाय यांपैकी एकही लक्षण दिसले, तर रुग्णाला कोणाकडे ‘उतरवायला’ न नेता सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहून, रुग्णाला आडवे ठेवून, प्राझोसिनची पहिली मात्रा तिथेच द्यावी आणि मगच १०८ च्या गाडीने नांदेड किंवा लातूरला पाठवावे. ही गोळी स्वस्त आहे. किनवटपासून निलंग्यापर्यंत एकाही केंद्राच्या कपाटात ती नाही असे होता कामा नये.